अर्धांगवायू, चिनी वनौषधी आणि आपली बीपीची गोळी

आपल्याकडे एखाद्याला अर्धांगाचा झटका आला की 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. मालवणीत 'वारो गेलो'. आयुर्वेदात या आजाराचं नाव पक्षाघात, आणि त्याची गणना वातव्याधींमध्ये. चिनी भाषेत स्ट्रोकला 'झोंगफंग' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ वाऱ्याचा तडाखा बसणं! मधे एवढा हिमालय असून दोन्हीकडच्या लोकांनी एकच अनुमान काढलं. साहजिकच आहे. धडधाकट माणूस सकाळी चूळ भरता भरता कोसळतो, कुणी मारलेलं नसतं, कुठे लागलेलं नसतं, तरी एक बाजू लुळी पडते. न दिसता येऊन जाणारी गोष्ट म्हणजे वाराच.

हे आज आठवण्याचं कारण म्हणजे ओपीडीत हल्ली वरचेवर येणारा एक प्रश्न. कुणाचा मुलगा बोटीवर असतो, कुणाची सून सिंगापूरला, कुणाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलेला असतो. 'मेंदूच्या पेशी वाचवणारी चिनी वनौषधी, अर्धांगवायूवर रामबाण.' मग डबी टेबलावर येते आणि विचारणा होते, "डॉक्टरानु, ह्या दिला तर चलात मा?"

दोन मिनिटांत उत्तर द्यायचं तर 'नको' एवढंच सांगता येतं. पण नुसत्या नकाराने कुणाचं समाधान होत नाही. घरी जाऊन ती डबी उघडली जातेच, फक्त मला सांगितलं जात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. या औषधांची मला टिंगल करायची नाही. त्यांतल्या काहींची चिनी डॉक्टरांनी फार चांगली परीक्षा घेतली आहे, आणि त्या परीक्षेचा निकाल डबीवर छापलेला नसतो, हीच खरी अडचण आहे.

आधी मेंदूत काय होतं ते बघू.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण एक पंचमांश तो एकटाच वापरतो. शिल्लक मात्र काही ठेवत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढच्या भागाचा पुरवठा थांबतो. अगदी मधला भाग काही मिनिटांतच मरतो. त्याच्या कडेचा भाग मात्र लगेच मरत नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तो तग धरून असतो. काम बंद, पण जीव शिल्लक. उपचारांचा सगळा खटाटोप या कडेच्या भागासाठी असतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. अर्ध्या तासात पावणेसहा कोटींच्या जवळ.

या मरणाऱ्या पेशींमध्ये रासायनिक घटनांची एक माळ सुरू होते. ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभसा बाहेर पडतं, पेशींत कॅल्शियम शिरतं, घातक प्राणवायूकण तयार होतात, सूज येते. शास्त्रज्ञांना वाटलं की या माळेतली एखादी कडी तोडली तर पेशी वाचतील. विचार अगदी तर्कशुद्ध होता, आणि प्रयोगशाळेत उंदीर वाचलेही. त्याच २००६ साली एका गटाने मोजदाद केली. स्ट्रोकसाठी तोवर तब्बल १,०२६ उपाय प्रयोगांत तपासले गेले होते आणि त्यांतले ११४ माणसांवर वापरून बघितले होते. त्या सगळ्यांतून रोजच्या उपचारात निर्विवाद जागा मिळवलेलं, केवळ पेशींचं रक्षण करणारं औषध काही हाती लागलं नाही. यातले बहुतेक उपाय वनौषधी नव्हते. मोठमोठ्या कंपन्यांची, कोट्यवधी खर्चून बनवलेली रसायनं होती. तेव्हा 'झाडपाला म्हणून फसला' असं कुणी समजू नये.

उंदीर वाचतो आणि माणूस का वाचत नाही? उंदीर तरुण असतो. त्याला बीपी नसतं, साखर नसते, तो तंबाखू मळत नाही. त्याची रक्तवाहिनी संशोधकाने स्वतः बंद केलेली असते, त्यामुळे ती कोणत्या मिनिटाला बंद झाली ते ठाऊक असतं, आणि औषध लगेच किंवा कधी कधी आधीच दिलेलं असतं. माणूस पहाटे उठतो तेव्हा हात लुळा असतो. झटका रात्री दोनला आला की पाचला, कुणालाच माहीत नसतं. आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे रक्तातून जाणारं औषध तरी कसं पोचणार? भाताच्या खाचरात पाणीच सोडलं नाही तर खत टाकून उपयोग काय? 'उंदरांवरील प्रयोगात सिद्ध' असं डबीवर लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. फक्त ते आपल्याबद्दल नसतं.

आता चिनी औषधांकडे येऊ.

स्ट्रोकसाठी बाहेर सर्वांत प्रसिद्ध झालेलं मिश्रण म्हणजे न्यूरोएड. मूळ चिनी औषधात १४ घटक आहेत, नऊ वनस्पतींचे आणि पाच प्राणिज. यादी वाचली की घरचीच वाटते. त्यात करडईची फुलं आहेत, तीच करडई जिचं तेल सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं. आपल्या वेखंडाच्या भावकीतलं एक मूळ आहे. कृत्रिम गोरोचन आहे. शिवाय विंचू आहे आणि जळूसुद्धा. आपल्या जुन्या वैद्यकात रक्त काढायला जळू लावत, तिथे ती वाळवून कॅप्सूलमध्ये घातली, एवढाच फरक.

या औषधाची चाचणी झाली. सिंगापूर, फिलिपीन्स, थायलंड, श्रीलंका अशा देशांतल्या १,१०० रुग्णांपैकी निम्म्यांना न्यूरोएड, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. २०१३ साली निकाल आला. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतले रुग्ण साधारण सारखेच होते. मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही. पुढे जास्त काळाच्या नोंदींत थोडा फायदा दिसल्याचं म्हटलं गेलं, पण चाचणीपूर्वी ठरवलेला प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर 'नाही' असंच आलं.

दुसरी चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती खुद्द चीनमध्ये, चिनी पारंपरिक औषधावर, चिनी डॉक्टरांनी परदेशी संशोधकांच्या साथीने केली. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी तिकडे 'झोंगफंग शिंगनाव' नावाचा काढा वापरतात. लाल जिनसेंग, रेवाचिनी आणि आणखी दोन मुळ्या. २६ रुग्णालयांतल्या सोळाशेहून अधिक रुग्णांना महिनाभर काढा किंवा तसाच दिसणारा खोटा काढा दिला गेला. २०२४ च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांत काहीही फरक नाही. आपल्या परंपरेतलं औषध उघड्यावर आणून जगासमोर तोलायचं, आणि ते हलकं भरलं तर तसं छापायचं, याला धाडस लागतं. ते आपल्याकडे फार क्वचित दिसतं, म्हणून मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटतं.

सगळेच निकाल नकारात्मक आहेत असंही नाही, आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. सेलरी नावाची अजमोद्याच्या जातीची भाजी असते. तिच्या बियांत सापडलेला ब्यूटिलथॅलाइड हा पदार्थ आता कारखान्यात तयार करतात. २०२३ साली चीनमधल्या १,२१६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्यांपैकी ५६.७ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, न मिळालेल्यांपैकी ४४ टक्के. फरक लहान नाही. तसंच एडाराव्होन या जपानी औषधात बॉर्निओल मिसळून बनवलेलं इंजेक्शन. २०२१ सालच्या चाचणीत त्या मिश्रणाने ६७ टक्के रुग्ण जवळपास पूर्ववत झाले, नुसत्या एडाराव्होनने ५९ टक्के. हा बॉर्निओल म्हणजे अस्सल भीमसेनी कापरातला मुख्य घटक.

हे वाचून कुणी कापूर खायला देऊ नये, म्हणून लगेच सांगतो. पूजेचा कापूर हे वेगळं रसायन आहे. ते पोटात गेलं की फिट्स येतात, आणि लहान मुलांमध्ये तर थोड्या कापरानेही जीव धोक्यात येतो. चाचणीतलं औषध शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं आणि रुग्णालयात शिरेतून सोडलेलं होतं.

ब्यूटिलथॅलाइडच्या चाचणीतली आणखी एक बारीक गोष्ट तर सगळ्यात महत्त्वाची आहे. त्यातल्या प्रत्येक रुग्णाला आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं होतं किंवा नळी घालून गुठळी काढलेली होती. म्हणजे आधी पाण्याचा पाट मोकळा केला, मग खत टाकलं. शिवाय या दोन्ही चाचण्या एकाच देशातल्या आहेत. दुसरीकडे, वेगळ्या लोकांवर तोच निकाल आला तर माझ्यासारखा डॉक्टरही ती औषधं आनंदाने वापरेल. आज पोस्टाने येणाऱ्या कॅप्सूलचा आणि या निकालांचा काडीचाही संबंध नाही.

मग वनस्पतीने माणसाचा मेंदू वाचवल्याचं एकही पक्कं उदाहरण नाही का? आहे. त्यासाठी चीनला जायची गरज नाही, मुंबईपर्यंत गेलं तरी पुरे.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही मिळते. झोप न लागणं, वेड, सर्पदंश अशा अनेक गोष्टींसाठी तिचं मूळ पूर्वापार वापरलं जायचं. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावर परिणाम होतो असं लिहिलं. पण जगाला ते पटवून दिलं डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांनी मुंबईत रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन प्रत्येकाचा दाब आधी आणि नंतर मोजून नोंदवला, आणि १९४९ साली तो अहवाल 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातलं रिसर्पिन वेगळं काढलं. आपल्याकडे ज्यांनी 'ॲडेलफेन'ची गोळी वर्षानुवर्षं घेतली त्यांनी सर्पगंधेचाच अर्क घेतला, पण ते अनेकांना माहीत नव्हतं.

पुढचा भाग तर आणखी रोचक आहे. बीपी कमी केल्याने माणसाला खरंच काही फायदा होतो का, याबद्दल तेव्हा डॉक्टरांमध्येच वाद होता. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी झाली, तिच्यातल्या तीन औषधांपैकी एक हे रिसर्पिन होतं. १९७० च्या निकालात, साधारण सारख्याच आकाराच्या दोन गटांत, औषध न घेणाऱ्यांपैकी २० जणांना स्ट्रोक झाला आणि घेणाऱ्यांपैकी पाच जणांना. वीस आणि पाच! मेंदूचं संरक्षण म्हणतात ते हे. झटका आल्यावर पेशी वाचवायला धावण्याऐवजी झटकाच येऊ दिला नाही. आता रिसर्पिन फारसं वापरत नाहीत, कारण त्याने काही रुग्णांना नैराश्य यायचं आणि त्याच्यापेक्षा चांगल्या गोळ्या आल्या. पण बीपीची गोळी म्हणजे 'केमिकल' आणि डबीतली चिनी पूड म्हणजे 'नॅचरल', असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला हा इतिहास सांगावासा वाटतो.

आपल्या परसातल्या वनस्पतींबद्दलही लोक विचारतात. कोकणात ओलसर जागी, विहिरीच्या कडेला गोल पानांचा कारिवणा पसरतो. त्यालाच पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात. शास्त्रात ती मंडूकपर्णी, आणि खरी नीरब्राह्मी ही वेगळी. एकाच नावाखाली दोन वनस्पती, म्हणजे बाटलीत नेमकी कोणती आहे इथूनच प्रश्न सुरू. दोन्हींवर स्मरणशक्तीच्या संदर्भात काही अभ्यास झाले आहेत, पण अर्धांगाच्या झटक्यात त्या पेशी वाचवतात असा माणसांवरचा पुरावा नाही. कारिवण्याची चटणी मलाही आवडते. ती चटणी म्हणून खावी.

माझा खरा आक्षेप काढ्याला नाही, त्यात जाणाऱ्या वेळेला आहे.

जामसंड्यात किंवा देवगडच्या आसपास कुणाला झटका आला तर घड्याळ कसं पळतं ते बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. ते देण्याआधी सीटी स्कॅन हवाच. कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून अगदी सारखे दिसतात, आणि रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर माणूस दगावू शकतो. मोठी गुठळी नळी घालून काढायची तर कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागतं. घाट, पाऊस, महामार्गावरची गर्दी धरली तर तीन-चार तास सहज जातात. आता या हिशोबात 'आधी गावठी औषध देऊन बघू', 'वारं उतरवणाऱ्याला बोलावू', 'गाऱ्हाणं घालून येऊ', 'संध्याकाळपर्यंत वाट बघू' हे कुठे बसवणार? गाऱ्हाणं जरूर घालावं, पण एकाने देवळात जावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. पारव्याचं रक्त चोळण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. त्याने लुळ्या हाताला काही होत नाही. पारवा मात्र मरतो आणि दोन तास जातात.

चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात वर करायला सांगितल्यावर एक हात खाली आला, बोलणं अडखळलं, एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर शेवटचं ठीक कधी बघितलं ती वेळ कागदावर लिहा आणि निघा. निघण्याआधी फोन करून सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि हे इंजेक्शन तिथे देतात का, एवढं विचारा. चुकीच्या ठिकाणी तासभर बसण्यापेक्षा हा एक फोन बरा. तोंडात पाणी, चहा, काढा, मध, काहीही घालू नका. झटक्यात गिळण्याची क्रियाही बिघडलेली असते. घातलेलं श्वासनलिकेत जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा बीपी पटकन उतरवणारी गोळी ठेवू नका. कडेचा तग धरून असलेला भाग त्या वाढलेल्या दाबावरच जगत असतो, दाब एकदम पाडला तर तोही जातो. ॲस्पिरिनसुद्धा स्कॅनआधी नको. हे सगळं लिहायला सोपं आहे, पण घरात रडारड सुरू असताना 'काहीतरी द्या' हा आग्रह मोडणं अवघड असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून आजच, सगळे शांत असताना, घरात वाचून दाखवा.

एका हाताने चिनी औषधांना मोजपट्टी लावायची आणि दुसऱ्या हाताने आपल्याच औषधांना सोडून द्यायचं, हेही मला पटत नाही. आपल्याकडे स्ट्रोकच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर सिटिकोलिन हमखास दिसतं. याची स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीत २,२९८ रुग्णांवर चाचणी झाली होती. फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मधेच थांबवली आणि २०१२ साली निकाल छापला. तरी ते महिनोन्‌महिने लिहिलं जातं आणि मासेमारी किंवा मजुरी करणारं कुटुंब त्यासाठी पैसे मोजतं. त्याने नुकसान होत नाही, हे खरं. पण तेवढ्याच पैशांत फिजिओथेरपिस्टच्या कितीतरी फेऱ्या होतात, आणि लुळा हात परत कामाला लागतो तो बहुतेक वेळा त्यातूनच. डॉक्टरला 'ही गोळी कशासाठी, आणि नाही घेतली तर काय होईल?' असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

धोका आणखी दोन ठिकाणी आहे. ज्यांच्या झडपेला जुना आजार आहे किंवा ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही गोळी घेतात. चिनी मिश्रणांत सर्रास असणारं 'डानशेन' नावाचं लाल मूळ वॉरफरिनचा परिणाम वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. न्यूरोएडच्या यादीतही ते आहे. म्हणजे स्ट्रोक टाळायला घेतलेल्या कॅप्सूलने मेंदूत रक्त साचण्याची वेळ यायची.

दुसरा धोका जास्त साधा आणि माझ्या अनुभवात जास्त वेळा दिसणारा. आमच्याकडचे एक आंबा बागायतदार, वय साठीच्या पुढे. बीपी चांगलं आटोक्यात होतं. कुणीतरी 'ब्रेन टॉनिक' आणून दिलं. ते सुरू केल्यावर दोन-दोन औषधं कशाला, म्हणून त्यांनी बीपीची गोळी सोडली. कुणाला बोलले नाहीत. हंगाम सुरू झाला, पेट्या भरायची गडबड, तपासणी राहिली. एका दुपारी बागेतच उजवी बाजू गेली. आणलं तेव्हा वरचा दाब २२० होता. जीव वाचला, बोलणं अजून पूर्ण आलेलं नाही. त्या टॉनिकमध्ये विष नव्हतं. त्याने फक्त गोळीची जागा घेतली.

आणि ही गोळी काही दुर्मीळ नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून सुरुवातीला निवडलेल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. बाकीचे तीन सातारा, भंडारा आणि वर्धा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजायचं, ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधं द्यायची, रुग्णाचं कार्ड ठेवायचं, न आलेल्याला फोन करायचा. यात डोळे दिपवणारं काही नाही. ॲमलोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही सगळी जुनी औषधं आहेत. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात, आणि बाहेर विकत घेतली तरी साध्या गोळीचा रोजचा खर्च एका वडापावापेक्षा कमी येतो. सिंगापूरहून आलेल्या डबीची किंमत एकदा रुपयांत करून बघा.

चीनकडून काही घ्यायचंच असेल तर एक गोष्ट खरोखर घेण्यासारखी आहे, आणि ती काढ्यात नाही, मिठाच्या बरणीत आहे. तिथल्या ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली. हे सगळे आधी स्ट्रोक झालेले, किंवा साठीच्या पुढचे आणि बीपी असलेले. निम्म्या खेड्यांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ की ज्यात सुमारे पाव भाग पोटॅशियम क्लोराइड होतं. बाकी जेवण तेच. जवळपास पाच वर्षांनी, २०२१ साली जाहीर झालेल्या निकालात, बदललेलं मीठ खाणाऱ्यांत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी होते. मृत्यूही कमी होते.

आपलं जेवण आठवा. सुका बांगडा, सुकट, खारातली कैरी, लोणचं, पापड, पेजेबरोबर काहीतरी खारट हवंच. मासे सोडा असं मी कधीच सांगणार नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार? पण सुकी मासळी शिजवण्याआधी दोन-तीनदा पाण्यातून काढा, तिच्या कालवणात वरून मीठ घालू नका, आणि ताटात वाढलेली मिठाची चिमूट बंद करा. कमी सोडियमचं मीठ आता मोठ्या दुकानांत मिळतं. ते आणण्याआधी मात्र एकदा विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर त्यातलं पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्यावी. साधी रक्ततपासणी आहे, उपाशी राहायला लागत नाही.